मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्किट आणि पीसीबी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकच नाव सांगा. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

किकॅड. सर्किटची आकृती काढायची, तिच्यावरून बोर्ड (पीसीबी, म्हणजे तांब्याच्या रेषांनी भाग जोडणारी पाटी) तयार करायचा आणि बोर्ड बनवणाऱ्याला फायली पाठवायच्या, एवढं काम असेल तर बहुतेकांना दुसरीकडे बघायची गरज पडत नाही. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. बोर्डाच्या आकाराला, पानांच्या संख्येला किंवा पिनांना लादलेली मर्यादा नाही. तांब्याचे ३२ थरांपर्यंत बोर्ड काढता येतात. बोर्ड विकायचा असला तरी वेगळी परवानगी लागत नाही.

दुसरं काही निवडायचं असेल तर त्याला ठोस कारण हवं. अशी कारणं आहेत, ती पुढे येतातच.

मोफत आणि मुक्त यात एवढा फरक का करतात? दोन्हीला पैसे पडत नाहीत ना?

आज पडत नाहीत, पण उद्याचं सांगता येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, सगळ्यांना खुला असतो. पण एखादी कंपनी आपलं बंदिस्त सॉफ्टवेअर फुकट देते तेव्हा त्याच्या अटी तिच्या हातात असतात. ईगलचं उदाहरण घ्या. हौशी लोकांमध्ये ते कित्येक वर्षं खूप वापरलं जायचं. फुकट आवृत्तीत सिग्नलचे दोनच थर, स्कीमॅटिकची (सर्किटच्या आकृतीची) दोनच पानं आणि ८० चौरस सेंमीचा बोर्ड एवढीच मुभा होती. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्कनं विकत घेतलं आणि पुढे ७ जून २०२६ ही त्याची शेवटची तारीख जाहीर झाली. ज्यांचे जुने बोर्ड ईगलमध्ये होते त्यांना फायली दुसरीकडे न्याव्या लागल्या.

डिपट्रेसच्या फुकट आवृत्तीतही ३०० पिना आणि सिग्नलचे दोन थर अशी मर्यादा आहे. मर्यादा असणं हा दोष नव्हे. फक्त ती पहिल्या दिवशी दिसत नाही. बोर्ड ऐंशी टक्के झाल्यावर एक कनेक्टर वाढतो आणि मग कळतं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आधी हे बघा: माझी फाइल माझ्या संगणकावर राहते का, ती साध्या मजकुराच्या रूपात आहे का, आणि सॉफ्टवेअर नसलं तरी दुसऱ्या कुणाला ती वाचता येईल का. बटणं कशी दिसतात, मेनू कुठे आहे, याची सवय आठवड्याभरात होते. फाइल मात्र दहा वर्षं जवळ राहते.

किकॅड कोण चालवतं? ते बंद पडलं तर?

जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते सुरू केलं. तेव्हा ते फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेनं त्यात माणसं आणि वेळ घातला. ट्रॅक, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा, टाकताना शेजारचे ट्रॅक आपोआप बाजूला सरकवणारी सोय तिथूनच आली. २०१९ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणजे स्रोत सगळ्यांकडे आहे. आणि फायली साध्या मजकुराच्या आहेत. नोटपॅडमध्ये उघडल्या तरी कोणता रेझिस्टर कुठे आहे ते वाचता येतं.

कोणती आवृत्ती घ्यावी?

ताजी स्थिर आवृत्ती, आणि ती अधिकृत संकेतस्थळावरूनच. आवृत्ती ७ २०२३ च्या फेब्रुवारीत आली, ८ २०२४ च्या आणि ९ २०२५ च्या फेब्रुवारीत. लिनक्सवर वितरणाच्या स्वतःच्या भांडारात बऱ्याचदा जुनीच आवृत्ती पडून असते. तिथे किकॅडचं स्वतःचं भांडार किंवा फ्लॅटपॅक (कोणत्याही लिनक्सवर चालणारं तयार पॅकेज) वापरा.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडते, पण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. गटात चौघे काम करत असतील तर चौघांकडे एकच मुख्य आवृत्ती हवी. एकानं अपडेट करून फाइल जतन केली की बाकी तिघं अडकतात. चालू प्रकल्पाच्या मधोमध मुख्य आवृत्ती बदलू नका. बदलायचीच असेल तर आधी पूर्ण फोल्डरची प्रत काढा.

संगणक किती चांगला लागतो?

साधा चालतो. त्रास होतो तो जुन्या ग्राफिक्समुळे: स्क्रीन काळी पडते किंवा कर्सर अडखळतो. तेव्हा आधी ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करा. तरीही जमलं नाही तर सेटिंगमध्ये फॉलबॅक ग्राफिक्स निवडा. वेग कमी होतो, काम होतं. चाक असलेला माउस मात्र घ्याच. टचपॅडवर बोर्ड काढणं म्हणजे हाताचे हाल.

बाकीचे पर्याय कुणासाठी आहेत?

लिब्रेपीसीबी: किकॅडपेक्षा आटोपशीर, शिकायला सोपं. सिम्बॉल (आकृतीतलं चिन्ह), पॅकेज (भागाचं बाह्य आवरण) आणि प्रत्यक्ष भाग या गोष्टी लायब्ररीत नीट वेगळ्या ठेवलेल्या आहेत. त्याची १.० आवृत्ती २०२३ मध्ये आली. दोन थरांचे, मध्यम आकाराचे बोर्ड करणाऱ्याला ते छान पडतं.

होरायझन ईडीए: इथे प्रत्येक भाग उत्पादकाच्या नेमक्या क्रमांकासह एका सामाईक साठ्यात असतो. सुटे भाग मोजूनमापून मागवणाऱ्यांना ही पद्धत आवडते. तयार लायब्ररी लहान आहे, तेव्हा आपले भाग आपण भरायची तयारी हवी.

फ्रिट्झिंग: जर्मनीत पोट्सडामच्या विद्यापीठात जन्मलं. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) तारा कशा जोडायच्या याचं चित्र काढायला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. शिक्षकांनी जरूर वापरावं. मात्र बोर्ड काढायला ते तोकडं आहे. स्रोत मुक्त असला तरी तयार प्रोग्रॅम डाउनलोड करताना संकेतस्थळ पैसे मागतं.

जीईडीए: १९९८ पासूनचा जुना संच. आज त्याची स्कीमॅटिकची बाजू लेप्टन या नावानं आणि बोर्डाची बाजू पीसीबी-आरएनडी या नावानं पुढे चालू आहे. कमांड लाइन आणि स्क्रिप्टवर हात बसलेल्यांसाठी.

ईझीईडीए: ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, पण मुक्त नाही. तयार भागांचा साठा प्रचंड आहे आणि त्याचं आकर्षण आम्ही समजू शकतो. फाइल सहसा त्यांच्या सर्व्हरवर राहते, म्हणून प्रत्येक टप्प्याला प्रत उतरवून घ्या. किकॅडच्या ८व्या आवृत्तीपासून त्या फायली किकॅडमध्ये आणता येतात.

मला बोर्ड नकोच, अहवालात किंवा वहीत छापायला फक्त आकृती हवी आहे.

तरीही किकॅडचं स्कीमॅटिक चालेल. ते एसव्हीजी किंवा पीडीएफ म्हणून बाहेर काढा, रेषांची जाडी आणि अक्षरं इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये नीट करा. लेखन लाटेकमध्ये (मजकुरातून पानं रचणाऱ्या प्रणालीत) असेल तर सर्किटिकझेड हे पॅकेज उत्तम: आकृती मजकुरातूनच तयार होते आणि अक्षरांचं वळण बाकीच्या पानाशी जुळतं. आकृती चित्राच्या पिक्सेल स्वरूपात चिकटवू नका, छापताना रेषा फुटतात.

पहिला बोर्ड कोणता करावा, आणि क्रम काय?

५५५ टायमरवर एक एलईडी लुकलुकवा. भाग कमी, तरी सगळे टप्पे येतात. भाग असे: एनई५५५ आठ पायांच्या डीआयपी पॅकेजात, १ किलोओहम, ६८ किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टर, १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, १० नॅनोफॅरड आणि १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर, ५ मिमी एलईडी, आणि सप्लायसाठी दोन पिनांचा हेडर. वारंवारता १.४४ ÷ ((आर१ + २ × आर२) × सी) या सूत्रानं येते. इथे ती सुमारे १.०५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साधारण एक लुकलुक. ५ ते ९ व्होल्ट द्या.

स्कीमॅटिकमध्ये 'ए' दाबून भाग ठेवा, 'पी' दाबून सप्लाय आणि ग्राउंडची चिन्हं ठेवा, 'डब्ल्यू' दाबून तारा ओढा. पाय ८ आणि ४ सप्लायला, पाय १ ग्राउंडला. पाय २ आणि ६ एकमेकांना जोडून १० मायक्रोफॅरडच्या धन टोकाला, त्याचं ऋण टोक ग्राउंडला. १ किलोओहम सप्लाय ते पाय ७, ६८ किलोओहम पाय ७ ते पाय ६. पाय ५ वरून १० नॅनोफॅरड ग्राउंडला. पाय ३ वरून ४७० ओहम आणि एलईडी ग्राउंडला. १०० नॅनोफॅरड पाय ८ आणि १ यांच्यामध्ये, आणि बोर्डावरही त्यांच्या अगदी जवळ. पाय ४ हा रीसेट आहे. तो मोकळा सोडला तर सर्किट हात जवळ नेल्यावर चालतं आणि काढल्यावर थांबतं असले प्रकार होतात.

मग भागांना क्रमांक द्या, प्रत्येकाला फूटप्रिंट (त्याचे पाय बोर्डावर जिथे बसतात त्या तांब्याच्या जागांची मांडणी) नेमा, विद्युत नियमांची तपासणी म्हणजे ईआरसी चालवा. बोर्डाच्या खिडकीत जाऊन 'एफ८' दाबलं की सगळे भाग तिथे येतात. आधी एज.कट्स या थरावर बोर्डाची बाह्यरेषा काढा. भाग मांडताना घाई करू नका: मांडणी चांगली झाली की ट्रॅक जवळजवळ आपोआप सुचतात, मांडणी वाईट असेल तर कितीही व्हाया (दोन थर जोडणारी छिद्रं) टाकले तरी गुंता सुटत नाही. 'एक्स' दाबून ट्रॅक टाका, खालच्या थरावर ग्राउंडचा कॉपर झोन (तांब्याचा सलग भाग) ओता, 'बी' दाबून तो भरा, बोर्डाच्या नियमांची तपासणी म्हणजे डीआरसी चालवा.

स्कीमॅटिकमध्ये काही बदललं की पुन्हा 'एफ८'. बोर्डावर थेट जोडणी बदलू नका, नाहीतर आकृती एक सांगते आणि बोर्ड दुसरंच करतो.

तार पिनेला लागलेली दिसते, पण जोडली गेलेली नसते. का?

जवळजवळ नेहमी ग्रिडमुळे. स्कीमॅटिकची ग्रिड १.२७ मिमी, म्हणजे ५० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असते आणि लायब्ररीतल्या सगळ्या सिम्बॉलांच्या पिना त्याच ग्रिडवर असतात. मजकूर नीट बसवायला कुणीतरी ग्रिड बारीक करतं, त्याच ग्रिडवर एखादा भाग ठेवतं आणि विसरतं. आता तारेचं टोक पिनेच्या टोकापासून अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबतं. दूरून बघताना दोन्ही एकच दिसतात. झूम करा: मोकळ्या पिनेच्या टोकावर बारीक वर्तुळ दिसतं, मोकळ्या तारेच्या टोकावर बारीक चौकोन. जोडणी झाली की दोन्ही खुणा नाहीशा होतात. उपाय सोपा आहे: ग्रिड परत ५० मिलवर आणा, सगळं निवडा, उजव्या बटणाच्या मेनूतून घटक ग्रिडवर आणा, ईआरसी पुन्हा चालवा. स्वतः सिम्बॉल काढतानाही पिना ५० मिलवरच ठेवा.

जोडणी हरवण्याची आणखी कारणं आहेत. 'एम' दाबून भाग हलवला की तारा मागे राहतात. तारांसकट हलवायचा तर 'जी' दाबा. एकमेकींना छेदणाऱ्या दोन तारा मध्ये ठिपका असल्याशिवाय जोडलेल्या नसतात. साधं लेबल त्याच पानापुरतं चालतं, दुसऱ्या पानावर तेच नाव लिहून उपयोग नाही. तिथे ग्लोबल किंवा हायरार्किकल लेबल लागतं. आणि सप्लायच्या चिन्हाचं नाव हेच नेटचं (एकमेकांना जोडलेल्या पिनांच्या गटाचं) नाव असतं: एका पानावर '+५व्ही' आणि दुसऱ्यावर 'व्हीसीसी' लिहिलं तर ते दोन वेगळे सप्लाय होतात.

सगळं जोडलेलं आहे, तरी ईआरसी म्हणतं की सप्लायच्या पिनेला कुणी वीज देत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणणं बरोबर आहे. आयसीची सप्लाय पिन 'वीज घेणारी' म्हणून नोंदवलेली असते आणि त्या नेटवर एखादी 'वीज देणारी' पिन शोधली जाते. तुम्ही वीज कनेक्टरमधून आणता आणि कनेक्टरच्या पिना निष्क्रिय प्रकारच्या असतात. त्या नेटवर पीडब्ल्यूआर_फ्लॅग हे चिन्ह लावा, ग्राउंडवरही लावा. वाटेत फ्यूज, डायोड किंवा कॉइल आली की पलीकडचं नेट वेगळं होतं, तिथे पुन्हा एक लागतो.

हा इशारा कायमचा बंद करून टाकू नका. रेग्युलेटरचं आउटपुट जोडायचं राहिलं तरी हाच संदेश येतो, आणि तेव्हा तो बोर्ड वाचवतो.

लायब्ररीतल्या फूटप्रिंटवर विश्वास ठेवावा का?

मापांवर बऱ्यापैकी ठेवा, तुमच्या हातातल्या भागाशी ती जुळतात यावर अजिबात नको. बोर्ड वाया जाण्याचं सर्वांत मोठं कारण इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

ट्रान्झिस्टर घ्या. बीसी५४७ आणि २एन३९०४ दोन्ही एनपीएन, दोन्ही टीओ-९२ पॅकेजात, सारखेच दिसतात. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि २एन३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. एकाच्या जागी दुसरा लावायचा तर सिम्बॉलही बदलला पाहिजे. त्यातच काही डेटाशीट पाय खालून पाहिल्यासारखे दाखवतात. आकृतीशेजारी 'खालून' लिहिलंय का ते आधी वाचा.

रेग्युलेटरमध्येही तेच. ७८०५ चे पाय समोरून डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. त्याचाच छोटा भाऊ ७८एल०५ टीओ-९२ मध्ये आला की क्रम उलटा होतो: आउटपुट, ग्राउंड, इनपुट. एलएम१११७ सॉट-२२३ मध्ये आला की ग्राउंड, आउटपुट, इनपुट, आणि वरची रुंद पट्टी ग्राउंड नसून आउटपुट. ७८०५ ची सवय असलेला माणूस ती पट्टी ग्राउंडच्या तांब्यात बुडवतो आणि आउटपुट शॉर्ट होतं.

आठ पायांच्या एसओआयसी या चपट्या पॅकेजात पायांचं अंतर १.२७ मिमीच असतं, पण अंगाची रुंदी ३.९ मिमी असते, ५.३ मिमीही असते आणि काही पॅकेजांत ७.५ मिमी. फ्लॅश मेमरी बऱ्याचदा ५.३ ची निघते. नावात 'एसओआयसी-८' दिसलं म्हणून पहिलाच पर्याय निवडू नका.

पोटाखाली धातूची पट्टी असलेल्या आयसीत त्या पट्टीलाही क्रमांक असतो, आठ पायांच्या आयसीत बहुधा ९. तुमच्या सिम्बॉलमध्ये ९ नंबरची पिन नसेल तर पट्टी कशालाच जोडली जात नाही आणि आयसी तापते. डायोड आणि एलईडीत किकॅडच्या लायब्ररीत पिन १ म्हणजे कॅथोड, २ म्हणजे ॲनोड. दुसरीकडून उतरवलेल्या भागात हे उलटं असू शकतं.

छिद्रांचंही बघा. हेडरची पिन ०.६४ मिमीची चौकोनी, म्हणजे कर्णावर ०.९ मिमी. तिला १.० मिमीचं छिद्र हवं. पाव वॉटच्या रेझिस्टरच्या पायाला ०.८ मिमी पुरतं.

शेवटची तपासणी कागदावर. बोर्ड १:१ प्रमाणात छापा, छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, आधी पट्टीनं बाह्यरेषा मोजा. मग प्रत्येक भाग कागदावर ठेवून बघा, कनेक्टरचे पाय कागदातून आरपार घाला. दहा मिनिटं लागतात.

ट्रॅक किती रुंद ठेवावा?

सिग्नलला ०.२५ मिमी चांगला. सप्लायला प्रवाहावर ठरतं. आयपीसी-२२२१ या मानकाच्या सूत्रानं, ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं, बाहेरचा थर आणि १० अंश तापमानवाढ धरली तर १ ॲम्पिअरला सुमारे ०.३ मिमी, २ ॲम्पिअरला ०.८ मिमी आणि ३ ॲम्पिअरला १.४ मिमी लागतात. आतल्या थरात हवा लागत नाही, तिथे याच्या अडीचपटीहून थोडं जास्त. हे किमान आहेत, जागा असेल तर दुप्पट घ्या. किकॅडमध्ये हा हिशोब करणारं गणकयंत्र आहे.

दर वेळी हातानं रुंदी बदलण्यापेक्षा नेट क्लास (सारख्या नियमांच्या नेटांचे गट) करा: सिग्नलचा एक, सप्लायचा एक. मग सॉफ्टवेअर नेट बघून रुंदी घेतं.

घरातल्या मुख्य विजेला जोडणारा बोर्ड असेल तर मूळ सेटिंगमधलं ०.२ मिमी अंतर धोकादायक आहे. डीआरसीला तुमचं नेट २३० व्होल्टचं आहे हे माहीत नसतं, तुम्ही सांगितल्याशिवाय ते हिरवा कंदील देतं. त्या नेटांचा वेगळा क्लास करा, लागू सुरक्षा मानकातलं अंतर त्यात घाला. पृष्ठभागावरून मोजायचं अंतर तपासण्याची सोय किकॅडमध्ये ९व्या आवृत्तीपासून आहे.

ऑटोराउटर (ट्रॅक आपोआप टाकणारा प्रोग्रॅम) नाही का?

किकॅडमध्ये अंगभूत नाही. फ्रीराउटिंग नावाचा मुक्त जावा प्रोग्रॅम आहे: किकॅडमधून डीएसएन फाइल काढा, तिकडे ट्रॅक टाकून घ्या, एसईएस फाइल परत आणा. सप्लाय, ग्राउंड, क्रिस्टल आणि डीकपलिंग कपॅसिटर (आयसीच्या सप्लायच्या पायांजवळचे) आधी स्वतः जोडून घ्या, उरलेलं त्याच्यावर सोपवा. पहिले चार-पाच बोर्ड तरी हातानं करा असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. मांडणी का चुकली हे ट्रॅक अडल्यावरच कळतं.

सिम्युलेशन होतं का?

होतं. एनजीस्पाइस हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर किकॅडमध्येच जोडलेलं आहे. सर्किटला ग्राउंड असलंच पाहिजे, नाहीतर ते सुरूच होत नाही. उत्पादकाचं मॉडेल लावताना मॉडेलमधला पायांचा क्रम आणि सिम्बॉलमधला क्रम जुळवून घ्या, तो बऱ्याचदा वेगळा असतो. आणि स्पाइसच्या मजकुरात 'एम' म्हणजे मिली, कॅपिटल असो वा लहान. मेगासाठी 'मेग' लिहावं लागतं. मॉडेल फाइलमध्ये १ मेगओहमच्या जागी '१एम' लिहिलं तर तो एक मिलिओहम होतो आणि निकाल वेड्यासारखे येतात.

बोर्ड बनवणाऱ्याला नेमकं काय पाठवायचं?

गर्बर (प्रत्येक थराचं चित्र) आणि ड्रिल (छिद्रांच्या जागा) फायली, एका झिपमध्ये. दोन थरांच्या बोर्डाला: वरचं आणि खालचं तांबं, वरचा आणि खालचा सोल्डर मास्क (तांबं झाकणारा लेप), वरची आणि खालची सिल्कस्क्रीन (बोर्डावर छापायची अक्षरं), बाह्यरेषा, आणि एक्सेलॉन स्वरूपातली ड्रिल फाइल. स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा साचा) हवं असेल तर पेस्टचा थर. यंत्रावर भाग बसवून घ्यायचे असतील तर भागांची यादी आणि त्यांच्या जागांची फाइल.

चुका होतात त्या बहुधा याच: झोन भरायचा राहिला आणि ग्राउंडचं तांबंच गायब. बाह्यरेषा एका कोपऱ्यात जुळलेली नाही, डीआरसी 'बाह्यरेषा सदोष' म्हणतं आणि आपण दुर्लक्ष करतो. गर्बर आणि ड्रिल वेगवेगळ्या मूळ बिंदूंवरून काढले, सगळी छिद्रं सरकली. खालच्या बाजूचा मजकूर उलटा केलाच नाही. अक्षरं ०.८ मिमीपेक्षा लहान ठेवली आणि छापून आली ती शाईची पुसट रेघ.

म्हणून फायली काढल्यावर त्या गर्बव्ह किंवा किकॅडच्याच गर्बर दर्शकात उघडा, एकेक थर चालू-बंद करून बघा. बोर्डाच्या खिडकीत दिसतं ते तुमच्या मनातलं. कारखान्याला दिसतं ते गर्बरमधलं. मर्यादा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, पण ०.२ मिमी ट्रॅक, ०.२ मिमी अंतर आणि ०.३ मिमीचं छिद्र जवळपास सगळीकडे विनातक्रार होतं. कडेपासून तांबं निदान ०.३ मिमी आत ठेवा.

घरीच तांबं कोरून बोर्ड करायचा आहे. छापताना उलटं छापायचं का?

टोनर ट्रान्सफरमध्ये खालचा थर आहे तसा छापा, वरचा थर उलटा. खालचा थर पडद्यावर बोर्डातून आरपार बघितल्यासारखा दिसतो, इस्त्रीनं तांब्यावर उतरताना तो उलटतो आणि बरोबर बसतो. ट्रॅक ०.५ मिमीच्या खाली नेऊ नका, अंतरही तेवढंच. छापताना छिद्रांच्या मध्यावर बारीक ठिपका राहील असा पर्याय निवडा, ड्रिलची टोकं घसरत नाहीत.

माझा बोर्ड किकॅडमध्ये केला म्हणून तो मुक्त करावा लागेल का?

नाही. जीपीएल प्रोग्रॅमला लागू होतं, तुमच्या बोर्डाला नाही. लायब्ररींचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, पण त्यातही बोर्डांना स्पष्ट सूट दिलेली आहे. लायब्ररीच बदलून वाटायची असेल तेव्हा मात्र अटी पाळाव्या लागतात.

जुन्या ईगल किंवा अल्टियमच्या फायली येतील का?

येतील. ईगलच्या ६व्या आवृत्तीपासूनच्या फायली किकॅड वाचतं. त्याआधीची असेल तर ती नव्या ईगलमध्ये उघडून पुन्हा जतन करावी लागते, आणि ते काम ईगल चालतंय तोवरच उरकून घ्या. आयात झाल्यावर झोन पुन्हा भरा, नेट क्लास आणि अंतराचे नियम तपासा, सोल्डर मास्कची मापं बघा. मग जुन्या आणि नव्या प्रकल्पाचे गर्बर एकावर एक ठेवून फरक शोधा. फरक उरला नाही तरच आयात झाली असं माना.

गटात काम कसं करावं?

गिट (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरा. प्रकल्प, स्कीमॅटिक आणि बोर्डाच्या फायली, सिम्बॉल व फूटप्रिंटच्या लायब्ररींचे तक्ते आणि प्रकल्पापुरत्या केलेल्या लायब्ररी त्यात ठेवा. 'बॅकअप्स' नावाचा फोल्डर, फूटप्रिंटची कॅश फाइल आणि 'पीआरएल' शेपटाची वैयक्तिक सेटिंगची फाइल वगळा. एकाच बोर्डावर दोघांनी एकाच वेळी काम करू नये. फाइल मजकुराची असली तरी दोघांचे ट्रॅक यंत्रानं एकत्र केलेले बहुधा टिकत नाहीत. पानं वाटून घ्या, बोर्ड एकाकडे ठेवा. ७व्या आवृत्तीपासून किकॅड-सीएलआय ही कमांड आहे. तिनं प्रत्येक बदलानंतर गर्बर आणि पीडीएफ आपोआप काढता येतात.

किकॅड कुठे कमी पडतं?

डिफरन्शियल जोड्या, लांबी जुळवणं, चार-सहा थर, हे सगळं त्यात होतं आणि लोक त्यात मेमरी व यूएसबीचे बोर्ड यशस्वीपणे करतात. पण वेगवान सिग्नलांचा संपूर्ण विश्लेषण संच, सप्लायच्या तांब्यातल्या व्होल्टेज घसरणीचा हिशोब किंवा दुमडणाऱ्या बोर्डांची घडी घालून दाखवणारी सोय लागत असेल तर वेगळी साधनं जोडावी लागतात. चिपच्या आतली मांडणी हे तर पूर्ण वेगळं क्षेत्र. तिथे एक्सस्केम, मॅजिक आणि केलेआउट ही मुक्त साधनं वापरतात, आणि एनजीस्पाइस तिथेही सोबत असतं.